सिझर, शुगर, क्रोसिन, ग्रहण... वहीतली यादी आणि लेकराचा ऑटिझम

पत्र (थोडं कमी करून देतेय) :

"ताई, आम्ही यावल तालुक्यात राहतो, मिस्टरांची केळी आहे. मुलगा पावणेतीन वर्षांचा. दीड वर्षाचा होता तेव्हा पाणी, बाबा, माऊ असं बोलायचा, ते पण बंद झालं. नावाने हाक मारली तर बघत नाही, खेळण्यातल्या गाडीची चाकंच फिरवत बसतो. मागच्या महिन्यात जळगावला डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. तेव्हापासून मी रात्री वहीत लिहून काढतेय की नऊ महिन्यांत माझ्याकडून काय काय झालं. थायरॉईडची गोळी चालू होती. तिसऱ्या महिन्यात ताप आला तेव्हा क्रोसिन घेतली. एचबी साडेआठ होतं. सहाव्यात शुगर निघाली. वादळात बाग आडवी झाली तेव्हा मी खूप रडले, नीट जेवत नव्हते. ग्रहणाच्या दिवशी भाजी चिरली. शेवटी सिझर झालं. नणंदेने गर्भसंस्कारचा कोर्स केला होता, तिची मुलगी चुरूचुरू बोलते. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, 'पोटुशी व्हती तवय कोनंच आयकं नही'. ताई, यातलं नेमकं कशामुळे झालं? आणि दुसरं बाळ होऊ द्यायचं की नाही?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते, कारण ते मिळाल्याशिवाय तू पुढचं काही मनापासून वाचणार नाहीस. तुझ्या यादीत एकही गोष्ट अशी नाही की जिच्यावर बोट ठेवून कुणी डॉक्टर म्हणू शकेल, बघा, ह्याच्यामुळे तुमच्या मुलाला ऑटिझम झाला. एकही नाही. मी हे तुझं मन राखायला म्हणत नाहीये, तू रात्री बसून जे करतेयस ना तेच काम एका अख्ख्या देशाच्या बायकांच्या बाबतीत करून झालंय, म्हणून सांगतेय.

डेन्मार्कमध्ये प्रत्येक माणसाची दवाखान्याची नोंद सरकारकडे असते, जन्मापासून. तिथल्या ११ लाखांहून जास्त गरोदरपणांच्या नोंदी शास्त्रज्ञांनी काढल्या, त्यातल्या १८ हजारांवर मुलांना पुढे ऑटिझम निघाला होता. मग त्या आयांना गरोदरपणात आणि त्याच्या आधी कोणकोणते आजार नोंदले गेले ते सगळं बघितलं, शुगर, बीपी, इन्फेक्शन, डिप्रेशन, अपघात, काहीच सोडलं नाही. तुझी वही आठ ओळींची, त्यांच्या यादीत शेकडो आजार. त्यातले ३० च्या आसपास आजार असे निघाले की ज्यांचा ऑटिझमशी आकड्यांमध्ये संबंध दिसत होता. आता इथेच बातमी थांबली असती तर यूट्यूबवर 'गरोदरपणातले ३० धोके' असा व्हिडिओ आला असता आणि तू अजून एक वही भरली असतीस. पण ते लोक थांबले नाहीत. त्यांनी त्याच आईची दोन मुलं शेजारी ठेवून बघितली, म्हणजे एका मुलाच्या वेळी आईला तो आजार होता, दुसऱ्याच्या वेळी नव्हता, मग ज्याच्या वेळी आजार होता त्यालाच ऑटिझम जास्त होतो का? तर तसं दिसलं नाही. जवळजवळ सगळे संबंध गळून पडले. उरलं काय तर पोटातल्या बाळाच्याच काही तक्रारी, आणि त्या सुद्धा कारण नाही तर बाळाची वाढ आधीच वेगळी होत असल्याची लवकर दिसलेली खूण असाव्यात असं त्यांचं म्हणणं. हा अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये आला.

आणि त्यांनी वडिलांचे आजार पण तपासले गं. गरोदरपणाच्या काळात बापाला जे आजार होते त्यांचाही ऑटिझमशी तसाच संबंध दिसला, बऱ्याच बाबतीत आईच्या आजारांइतकाच. आता बापाच्या पोटात काही बाळ नसतं. म्हणजे आजार गर्भावर जाऊन आदळत होता असं नाही, तर त्या घरात, त्या रक्तात जे काही चालत आलेलं असतं त्यातूनच आजारपण पण येत होतं आणि ऑटिझम पण. हे एवढं तरी तुझ्या मिस्टरांना वाचून दाखव. त्यांच्यावर ढकलायला नाही, पण तुझ्या पत्रात वही तुझी, रडणं तुझं आणि बोलणी पण तुलाच, त्यांचं नाव फक्त केळीच्या वाक्यात आलंय.

आता तुझ्या यादीकडे येऊ, कारण एकेक ओळ खोडल्याशिवाय तुला झोप लागणार नाही हे मला कळतंय.

सिझर. स्वीडनमध्ये जवळपास २७ लाख मुलांचा अभ्यास २०१५ साली आला. वरवर बघितलं तर सिझरच्या मुलांमध्ये ऑटिझम थोडा जास्त होता, सख्ख्या भावंडांत तुलना केली तर तो फरक राहिलाच नाही. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी सांगितलं की गरोदर बायकांनी ही गोळी घेऊ नये, ऑटिझम होतो, आणि ते आपल्याकडे गावोगाव व्हॉट्सअॅपवर फिरलं, तुझ्यापर्यंत पण तिथूनच आलं असणार. पण त्याच्या आदल्याच वर्षी स्वीडनमधल्या २४ लाख ८० हजार मुलांचा अभ्यास छापून आला होता, त्यात भावंडांची तुलना केल्यावर काहीच संबंध दिसला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने पण ठाम पुरावा नाही असंच सांगितलं. उलट तिसऱ्या महिन्यात ताप तसाच अंगावर काढणं हे बाळासाठी वाईट, तू गोळी घेतलीस ते बरोबरच केलंस.

थायरॉईडची गोळी तर तू घेतलीस म्हणून तुझे आभार मानायला पाहिजेत कुणीतरी. बाळाच्या मेंदूच्या वाढीला आईचं थायरॉईड लागतं, सुरुवातीच्या महिन्यांत तर बाळाची स्वतःची ग्रंथी काम करतच नसते, सगळं आईकडूनच. गोळी चुकवली असतीस तर काळजीची गोष्ट होती.

शुगरचं जरा नीट सांगते, कारण यात संबंध दिसतो आणि तो लपवून मला तुला खोटा धीर द्यायचा नाही. २०२५ मध्येच जगभरातले २०२ अभ्यास एकत्र करून बघितले, त्यात गरोदरपणात डायबिटीस असलेल्या आयांच्या मुलांमध्ये ऑटिझम २५ टक्क्यांनी जास्त दिसला. २५ टक्के ऐकलं की पोटात गोळा येतो. पण ते कशाचे २५ टक्के ते बघ. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने साधारण १२७ माणसांमागे एकाला ऑटिझम असतो, म्हणजे १० हजारांत ८० धरू. त्याचे २५ टक्के जास्त म्हणजे ८० च्या जागी १००. उरलेल्या ९ हजार ९०० आयांना पण शुगर होतीच की, आणि त्यांच्या मुलांना ऑटिझम नाही. शिवाय भावंडांची तुलना केली तिथे हा पण फरक टिकला नाही. शुगर सांभाळायची ती बाळाचं वजन फार वाढू नये, डिलिव्हरीत अडचण येऊ नये म्हणून, आणि ती तू सांभाळलीस.

एचबी साडेआठ. देशाच्या पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ५२ टक्के गरोदर बायकांना रक्त कमी निघालं होतं. अर्ध्या देशाच्या आया झाल्या ह्या. रक्त कमी असणं चांगलं नाहीच, पण तुझ्या एकटीच्या वहीत लिहून ठेवण्यासारखा तो गुन्हा पण नाही, त्याचं कारण बायकांच्या ताटात काय पडतं आणि शेवटी किती उरतं यात आहे.

ग्रहणाबद्दल मी लांब लिहिणार नाही. त्या दिवशी चोपड्यापासून रावेरपर्यंत जेवढ्या गरोदर बायका होत्या त्यातल्या निम्म्यांनी तरी काही ना काही चिरलं असेल. त्यांची लेकरं बोलतायत. आणि गर्भसंस्काराचा कोर्स केल्याने आईला बरं वाटत असेल तर करावा, त्याने ऑटिझम टळतो असा काही पुरावा नाही. नणंदेची मुलगी बोलते ते तिचं तिचं.

राहिलं रडणं. यावर मला थोडं जास्त बोलायचंय, कारण आईच्या मनामुळे ऑटिझम होतो ही गोष्ट एके काळी मोठमोठे डॉक्टर सांगत होते, फक्त सासवा नाही. १९४३ साली लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी अमेरिकेत ११ मुलांचं वर्णन लिहिलं, तिथून ऑटिझम हे नाव रुळलं. त्यानंतर दोन-अडीच दशकं असं चाललं की ह्या मुलांच्या आया थंड असतात, माया करत नाहीत, म्हणून मूल स्वतःत मिटून जातं. १९६७ मध्ये ब्रुनो बेटलहाईम यांनी तर अख्खं पुस्तक लिहून आयांवर खापर फोडलं. हजारो बायकांनी हे ऐकून घेतलं, कित्येकींची मुलं त्यांच्यापासून लांब संस्थेत ठेवली गेली. हे खोडायला पुढे आला तो एक बाप, बर्नार्ड रिमलँड, स्वतः मानसशास्त्रज्ञ आणि ऑटिझम असलेल्या मुलाचा वडील, त्याने १९६४ मध्येच मांडलं होतं की हे मेंदूच्या घडणीचं आहे, आईच्या मायेचं नाही. मग १९७७ मध्ये इंग्लंडमध्ये जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ मध्ये दोघांनाही ऑटिझम होता, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत एकातही दोघांना नव्हता. पोट एकच, आई एकच, नऊ महिने तेच, फरक फक्त जनुकांचा. तिथून वारं फिरलं. २०१९ मध्ये पाच देशांतल्या सुमारे २० लाख मुलांचा अभ्यास आला, त्यात ऑटिझममधला ८० टक्क्यांच्या आसपास वाटा जनुकांचा निघाला, आणि आईच्या गर्भातल्या वातावरणाचा जो वेगळा वाटा त्यांनी मोजला तो दोन टक्क्यांच्या सुद्धा आत होता.

जनुकं म्हटलं की घरात लगेच दुसरं भांडण सुरू होईल, कुणाच्या घराण्यातून आलं, माहेरच्या की सासरच्या. ते होऊ देऊ नकोस. यात एखादं जनुक नाही, शेकडो जनुकांचा हात असतो, दोन्हीकडून थोडं थोडं येतं, आणि कधी कधी तर आई-बाप दोघांतही नसलेला नवाच बदल बाळात होतो. त्याला कुणी जबाबदार नसतं.

मग गरोदरपणातलं काहीच मोजत नाही का? मोजतं. फिटसाठी देतात ती व्हॅल्प्रोएट नावाची गोळी पोटात बाळ असताना चालू असेल तर धोका खरंच वाढतो, डेन्मार्कच्या २०१३ च्या अभ्यासात अशा साडेचार टक्क्यांच्या आसपास मुलांना ऑटिझम निघाला, एरवी हे प्रमाण दीड टक्का होतं. (वाचणाऱ्यांपैकी कुणाला ही गोळी चालू असेल तर प्लीज मनाने बंद करू नका, मोठी फिट आली तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं, मूल हवंय असं ठरवलं की आधी डॉक्टरांना भेटून गोळी बदलून घ्या.) गरोदरपणात रुबेला झाला तर पण धोका असतो, अमेरिकेत १९६४ च्या साथीनंतर जन्मलेल्या मुलांमध्ये हे स्पष्ट दिसलं होतं. आणि तो टाळायला एमआरची (गोवर-रुबेला) लस आहे, तिच्याच जोडीच्या एमएमआर लसीवर (गोवर, गालगुंड, रुबेला) ऑटिझमचा खोटा आळ आला. १९९८ चा १२ मुलांवरचा तो पेपर होता, तो लॅन्सेटने २०१० मध्ये मागे घेतला. तुझ्या बाळाचे शब्द दीड वर्षानंतर गेले, तेव्हाच लसीचा डोस पण असतो, म्हणून कुणी ना कुणी तुला हे पण ऐकवेल. ऑटिझममध्ये बऱ्याच मुलांचे आलेले शब्द त्या वयात जातात, लस घेतलेल्यांचे आणि न घेतलेल्यांचे पण.

म्हणून तुझी ती वही फाडू नकोस. तिचं काम वेगळं आहे. मुलांच्या विकासाचे जे डॉक्टर असतात, डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, त्यांना ती दाखव. किती आठवड्यांना जन्म झाला, वजन किती, जन्मल्या जन्मल्या रडला का, काचेत ठेवलं होतं का, कावीळ किती, घरात कुणी उशिरा बोललंय का, हे त्यांना हवं असतं. त्यावरून ते ठरवतात की कानाची बेरा टेस्ट करायची का (ही मागूनच घे, नावाला न बघणाऱ्या प्रत्येक मुलाचे कान तपासलेच पाहिजेत), फिटचा संशय असेल तर ईईजी (मेंदूचा आलेख), जनुकांची तपासणी लागेल का. दोषी शोधायला नाही, पुढचा रस्ता ठरवायला.

सासूबाईंचं काय करायचं. त्या वाईट आहेत असं मला तुझ्या पत्रावरून वाटत नाही, नातवाचं दुःख त्यांना पण आहे आणि ते कुठे ठेवावं कळत नाहीये म्हणून तुझ्यावर ठेवतायत. पण ते चालणार नाही. हे तू सांगू नकोस, मिस्टरांनी सांगायचं, तुझ्यासमोर आणि स्पष्ट, की आई, डॉक्टर म्हणतात हे तिच्यामुळे झालेलं नाही, आता परत चारचौघांत बोलायचं नाही. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना त्यांनाही घेऊन जा, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. आणि मग त्यांना काम दे, कारण तुझ्या लेकराला जी मदत लागणार आहे त्यात घरात दिवसभर बसणारं, गाणी म्हणणारं, जमिनीवर मांडी घालून खेळणारं माणूस म्हणजे सोनं आहे. २०१६ मध्ये गोवा आणि रावळपिंडीत केलेल्या एका अभ्यासात स्पेशालिस्ट नसलेल्या कार्यकर्त्यांनी घरच्यांना शिकवलं की मूल ज्यात रमलंय त्यातच आपण शिरायचं, ते चाक फिरवतंय तर आपण पण फिरवायचं, थांबायचं, त्याने बघितलं की एक शब्द बोलायचा. आई-वडिलांचं मुलाशी वागणं बदललं आणि मूल पण स्वतःहून जास्त जवळ यायला लागलं. आजीला हे तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं जमेल.

स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी लगेच चालू कर, 'मुलगे उशिरा बोलतात, त्याचा बाप पण चार वर्षांचा होऊन बोलला' असं सांगणारे भेटतील, त्यांच्यासाठी थांबू नकोस. प्रायव्हेट सेंटरचा खर्च आठवड्याला झेपत नसेल तर अंगणवाडी ताईंना विचार, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, त्यांच्याकडून जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्राची (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर बघणारं सरकारी केंद्र) चिठ्ठी मिळते, तिथे तपासणी आणि थेरपी फुकट असते. ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, त्यामुळे यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र निघतं, आणि ते निघालं की निरामय या आरोग्य विमा योजनेत नाव घाल, वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीचा सुद्धा. कागदपत्रं मिस्टरांच्या गळ्यात घाल, तुझ्या नको.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. मन अपराधी असलं की माणूस कुठेही पैसे ओततो. भगताकडे नेशील, नवस करशील, कानबाईला करशील तर कर, त्याने लेकराचं काही बिघडत नाही. पण मुंबईकडे स्टेम सेलने ऑटिझम बरा करतो अशा जाहिराती आहेत, लाखोंचा खर्च सांगतात, लोक शेत विकून जातात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२ मध्येच सांगितलंय की ऑटिझमसाठी स्टेम सेल देऊ नये, तसं करणं हे डॉक्टरी आचारसंहितेच्या विरुद्ध आहे. केळीच्या एका हंगामाचे पैसे तिकडे जाण्यापेक्षा चार वर्षं थेरपीला पुरतील.

आणि दुसरं बाळ. हो की नाही हे मी ठरवू शकत नाही आणि सासूबाई पण नाही, ते तुम्ही दोघं ठरवणार, पण ठरवताना आकडा समोर असू दे. एका मुलाला ऑटिझम असेल तर पाठच्या भावंडाला असण्याची शक्यता साधारण २० टक्के, २०२४ चा अभ्यास आहे, दीड हजारांवर पाठच्या बाळांचा. पाठीवर मुलगा असेल तर २५ टक्के, मुलगी असेल तर १३. म्हणजे पाचातल्या चार वेळा नाही, आणि एकदा हो. कमी नाही हा आकडा, पण त्याने आयुष्य थांबवायचं का हे ज्याचं त्याने बघायचं. पोटात असताना सोनोग्राफीत ऑटिझम कळत नाही, कुणी कळतो म्हणालं तर तिथून उठ. मोठ्याची थेरपी जरा रुळावर येऊ दे, सिझर झालंय म्हणून तसंही डॉक्टर अंतर ठेवायला सांगतील. ठरलं तर दिवस राहायच्या आधीपासून फॉलिक ॲसिड, शुगर, थायरॉईड आणि एचबी तपासून मगच, रुबेलाची लस राहिली असेल तर ती आधी आणि नंतर महिनाभर थांबायचं. बाळ झालं की मुलांच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांग की मोठ्याला ऑटिझम आहे, आणि दीड वर्षाला एकदा, दोन वर्षांना एकदा त्यांच्याकडून एम-चॅटची (ऑटिझमची लक्षणं लवकर ओळखायची) प्रश्नावली भरून घे, सगळं ठीक दिसत असलं तरी.